ट्रॉल्या, नोटा आणि नोट्स

परक्या शब्दाला मराठी अनेकवचन मिळालं की तो आपला झाला, असं मी धरून चालतो. सांगलीकडे उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या जुंपलेल्या दिसतात. रानात मोटारी चालू होतात, रात्री लायटी जातात, तालुक्याला फायली अडकतात. त्याच्याही कितीतरी आधी पोर्तुगिजांकडून आलेल्या बटाट्याचे बटाटे, चावीच्या चाव्या आणि बादलीच्या बादल्या झाल्या.

इंग्रजीत बहुतेक नामांना शेवटी एस जोडला की काम भागतं. मराठी मात्र आधी विचारते, तो, ती की ते? ट्रॉली 'ती' ठरली, म्हणून काठ्यांसारख्या ट्रॉल्या. तिकीट 'ते' ठरलं, म्हणून तिकिटं. ट्रॅक्टर 'तो' ठरला, म्हणून दगडासारखा एकाचे दहा झाले तरी ट्रॅक्टरच. हे कुठल्या समितीनं ठरवलं नाही, बोलणाऱ्यांनी ठरवलं.

कधी गाडी अडतेही. वाटेच्या वाटा होतात तशा बसच्या 'बसा' कराव्यात, तर पाहुण्याला बसायला सांगितल्यासारखं होतं. बसेस टिकलं ते बहुधा त्यामुळंच. नोटचं तर आणखी वेगळं. खिशातल्या त्या नोटा, अभ्यासाच्या त्या नोट्स. शब्द एकच, पण एक बाजारातून आला आणि दुसरा कॉलेजातून.

हा फरक नुसता व्याकरणाचा राहत नाही. माझी भाची साताऱ्यात इंग्रजी माध्यमात शिकते. माझी आई वाळवा तालुक्यातली. सातारा आणि सांगली हा एकेकाळी एकच जिल्हा. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. तेव्हा आजी-नातीच्या बोलण्यात अंतर पडलं ते जिल्ह्यामुळं नव्हे, शाळेमुळं. दिवाळीत भाची म्हणाली, "आजी, ट्रॉल्या काय गं? ट्रॉलीज म्हण." सगळे हसले, आईसुद्धा हसली. पण त्यानंतर मी पाहतोय, नात जवळ असली की आई अनेकवचनच टाळते. रस्त्यानं तीन ट्रॉल्या गेल्या तरी म्हणते, "ट्रॉली गेली बघ."

इंग्रजीनं आपल्याकडचे बंगला आणि जंगल उचलले, त्यांना सरळ एस लावला. 'बंगले म्हणा' असं सांगायला आपल्यातलं कुणी गेलं नाही, आणि जायचं कारणही नव्हतं. ज्या भाषेत शब्द राहायला आला, तिथली रीत त्यानं घ्यायची. ट्रॉल्यांना वाट द्या, ट्रॉल्यांमधून ऊस उतरवा, हे ट्रॉल्या म्हटल्यावरच सरळ बोलता येतं.

भाचीला मी एवढंच सांगितलं की इंग्रजीत ट्रॉलीज, मराठीत ट्रॉल्या, दोन्ही बरोबर. तिला ते लगेच पटलं. आईला पटवणं बाकी आहे. साठ वर्षं बिनधास्त बोललेली बाई स्वतःच्या अंगणात शब्द तोलून बोलते, हे काही मला बघवत नाही.