ए, जरा हात दे

चकण्याच्या डावास,
मुक्काम चाळीचा पॅसेज, परळ-लालबाग

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

चाळीतल्या खेळांच्या आठवणी निघाल्या की लपंडाव येतो, लगोरी येते, डबा ऐसपैस तर येतोच. तुझं नाव कुणी घेत नाही. राज्य कुणावर, एवढं ठरवून दिलंस की तुझं काम संपलं. तुला धड खेळ असं कुणी मानलंच नाही. खरं तर डबा हरवला, लगोऱ्या फुटल्या, तरी तुझं काही अडत नव्हतं. तुला लागायचे तिघांचे हात.

पंजे एकावर एक ठेवायचे आणि झटक्यात पालथे किंवा उताणे टाकायचे. दोघांचे सारखे, एकाचा वेगळा, की तो वेगळा सुटला. तिघांचे हात आठ तऱ्हांनी पडू शकतात, त्यातल्या सहांत कुणीतरी सुटतोच. चौघांनी चकलं तर निम्म्या वेळा डाव फुकट. हे गणित शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, तरी पोरं बरोबर तिघा-तिघांनीच चकायची.

शेवटी दोघं उरले की पंचाईत. दोघांत वेगळा कोण ठरणार? मग सुटून कठड्यावर जाऊन बसलेल्या एखाद्याला हाक जायची, ‘ए, जरा हात दे.’ तो यायचा. त्याचं आता काही जाणार नव्हतं आणि काही मिळणारही नव्हतं, तरी हात उसना द्यायचा. तुझ्यातलं मला सर्वांत आवडलेलं हेच. जो सुटला, त्याची उरलेल्यांपासून सुटका नाही.

तुला फसवणंही सोपं होतं. हात अंमळ उशिरा टाकला तर ‘रडी, रडी’ म्हणून गिल्ला व्हायचा, ती चोरी लगेच पकडली जायची. पण दोन भावंडांनी आधीच ठरवलं, एकानं पालथा टाकायचा, दुसऱ्यानं उताणा, तर तिसऱ्याचा हात कुणातरी एकाशी जुळणारच. म्हणजे सुटणार ते भावंडांपैकीच कुणीतरी, तिसरा कधीच नाही. वर सुटलेल्या भावानंच उसना हात दिला, तर संपलंच. ही युक्ती ठाऊक असूनही रोज संध्याकाळी डाव रंगायचा, तो एकमेकांच्या भरवशावर.

तुझे भाऊबंद जगभर आहेत. इंडोनेशियातली मुलं ‘होम्पिम्पा’ म्हणत असेच तळहात उलटेसुलटे करतात. प्राचीन रोममध्ये दोघं एकदम बोटं दाखवून बेरीज ओळखायचे. इटलीत तो खेळ ‘मोर्रा’ नावानं अजून आहे. सच्च्या माणसाबद्दल तिथले खेडूत म्हणत, की याच्याशी अंधारातही बोटांचा डाव खेळावा. रोमन लेखक सिसेरोनं ही म्हण नोंदवली तेव्हाच ती जुनी झाली होती.

आपल्याकडे नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींत मजल्यावर 20 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. पोरं घरात मावत नव्हती, म्हणून पॅसेजमध्ये सांडायची आणि तुला गडी मिळायचे. आता तिथं म्हाडाचे टॉवर येताहेत, घर 500 चौरस फुटांचं. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये चाव्या मिळाल्याही. चांगलंच झालं. सामायिक संडासापुढच्या रांगेसाठी कुणी गळा काढू नये.

फक्त घरं मोठी झाली की दारं लागतात, आणि बंद दारांमागं एकेकटं पोर मोबाइल घेऊन बसतं. तिथं तुझा इलाज चालत नाही. तेव्हा माझी विनंती तुला नाही, नव्या सोसायट्यांना आहे. पार्किंगवर सभेत दोन तास भांडा, पण एक ठराव पाच मिनिटांत मंजूर करून टाका: संध्याकाळी सहा ते आठ मजल्यावर आणि आवारात मुलांना कुणी हटकायचं नाही. बाकीचं ती आपापसांत ठरवतील, ते तू त्यांना शिकवलेलंच आहेस.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
एक जुना गडी