डावं-उजवं

पहिली रायफल कोणती घ्यावी असं रेंजवर कुणालाही विचारलं, की उत्तरात कंपनीचं नाव येतं. अन्शुट्झ घ्या, वॉल्थर घ्या, पैसे कमी असतील तर कुणाची तरी जुनी बघा. माझ्या प्रशिक्षकाने मात्र नाव घेतलं नाही. दोन्ही तळहात पुढे धरायला सांगून त्यांचा छोटा त्रिकोण करायला लावला, आणि त्यातून पन्नास मीटरवरचं लक्ष्य बघत एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा मिटला, लक्ष्य जागेवर. डावा मिटला, लक्ष्य हातामागे गडप.

"मॅडम, तुमचा डोळा डावा. हात कुठला?"

याला एका शब्दाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी लिहिते उजव्या हाताने. बँकेत अठ्ठावीस वर्षं सह्या उजव्या हाताने केल्या. पण भाजी चिरते, केस विंचरते, कैरीला दगड मारते तो डाव्याने. जन्मले ती डावखुरीच. प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी पळी मागे घ्यायची. पहिलीत असताना आई मला शाळेत पाठवताना डाव्या मुठीला रुमाल बांधून द्यायची. रागाने नव्हे, वेणी घालावी तसा बांधायची, गाठ सैल आहे ना ते बघून. वर्षभरात उजवा हात लिहायला शिकला आणि डावा निरक्षर राहिला.

आपल्या भाषेतही निकाल आधीच लागलेला आहे. दोन गोष्टींची तुलना करायची तर डावं-उजवं करायचं, आणि त्यात डावं म्हणजे कमी हे सांगावं लागत नाही. कुणाला बाजूला सारलं की त्याला डावललं. मुलीचं लग्न झालं की ती उजवली. डाव्या वाट्याला आला तो हातचा मळ.

हे सगळं रायफलीच्या निवडीत कशाला, असं वाटेल. कारण बोल्टला बाजू असते. पन्नास मीटरच्या स्पर्धेची रायफल पॉइंट टू-टूची, गोळी ५.६ मिलिमीटरची, एका वेळी एकच. बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामी पुंगळी बाहेर पडते. नवं काडतूस बोटाने ठेवायचं, बोल्ट पुढे ढकलायचा, मूठ खाली. दाराच्या जुन्या कडीसारखंच काम. गोळी सुटताना बोल्ट जागच्या जागी कुलूपबंद असतो, म्हणून अचूकतेच्या खेळात ही जुनी रचना अजून टिकून आहे. आणि अचूकता म्हणजे किती? दहा गुणांचा गोल १०.४ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा.

बहुतेक रायफलींची ही मूठ उजवीकडे असते. पडून नेम धरताना पुढचा हात पट्ट्यात अडकवलेला, कोपर जमिनीत रोवलेलं. तो हलवायचा नसतो. मागचा हात ट्रिगर ओढतो आणि बोल्टही तोच चालवतो. डाव्या खांद्यावर उजवी रायफल घेतली तर मागचा हात डावा. त्याला दस्ता सोडून रायफलीवरून पलीकडे जावं लागतं. गाल उचलला जातो, खांदा सरकतो, पुंगळी चेहऱ्याच्याच बाजूने उडते. म्हणजे दर गोळीला घर पाडून नव्याने बांधायचं. शिवाय स्पर्धेच्या रायफलीचा दस्तादेखील एका बाजूच्या गालाला आणि तळव्याला बेतलेला असतो. डाव्या माणसाला तो दुसऱ्याच्या चपलेसारखा लागतो.

२०२४च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं आणि आमच्या रेंजवर चौकशीला येणारी माणसं वाढली. मीही त्याच लाटेतली, फक्त वयाने एकोणपन्नास. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा मी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. कात्री डाव्या हातात. कात्रीही उजव्यांचीच असते, पण ते जाऊ दे.

समोर पर्याय होते. इछापूरच्या कारखान्याची देशी पॉइंट टू-टू: साधी, दणकट, खिशाला सोसणारी. एका परिचितांच्या कपाटातली जुनी ब्रनो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने जिच्या मालकाचं काम संपवलं अशांपैकी, नळी अजून स्वच्छ. आणि रेंजवरच्या एका मुलीची अन्शुट्झ, ती शिकायला परदेशी निघालेली, जॅकेट आणि पट्टा सोबत द्यायला तयार. तिन्ही उजव्या. प्रशिक्षकाने मार्गही सांगितला. डाव्या डोळ्यासमोर अर्धपारदर्शक पट्टी लावायची आणि उजवीकडून मारायचं. डोळा एका बाजूचा आणि हात दुसऱ्या बाजूचा असलेले पुष्कळ जण असं खेळतात आणि चांगलं खेळतात.

सहा आठवडे मी तसं मारलं. बरं मारलं. अडचण हीच होती. वाईट मारलं असतं तर प्रश्न मिटला असता. उजवा हात आज्ञाधारक आहे, त्याला जे सांगाल ते तो शिकतो. आकडे वर चढत होते, अन्शुट्झवाली मुलगी दर रविवारी विचारत होती, काकू, ठरलं का?

मग नववीतल्या एका डावखुऱ्या मुलाने त्याची हवेची रायफल मला आठवड्यातून एक तास द्यायला सुरुवात केली. दहा मीटर, छोटं लक्ष्य. पहिले तीन तास गुण घसरले. चौथ्या तासाला तो बाजूच्या लेनमधून म्हणाला, "काकू, तुम्ही उजवीकडून मारताना ओठ चावता. आत्ता नाही चावला."

मी त्यावर बराच विचार केला. स्पर्धेच्या रायफलीचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबालाही सुटतो. बोटाने 'आता' असं म्हणायच्या आत तो सुटलेला असावा, ही त्यातली खुबी. माझं उजवं बोट दर वेळी 'आता' म्हणायचं. त्याची सगळी हयात मजकूर वाचून, तारीख बघून सही करण्यात गेलेली. डाव्याला कुणी कधी जबाबदारी दिलीच नव्हती. ते नुसतं दाबत राहायचं.

डावी रायफल मिळवणं हे वेगळंच प्रकरण. १९८०च्या दशकात परदेशी शस्त्रांच्या खासगी आयातीवर बंधनं आली. ती सवलत आता मुख्यतः नामवंत नेमबाजांना. माझ्यासारखीने त्यांच्याकडून जुनी घ्यायची, आणि त्यांच्यात डावखुरे मोजके. आठ महिने वाट बघितली. दरम्यान ती उजवी अन्शुट्झ विकली गेली. तिला रेंजवर दुसऱ्याच्या हातात बघताना पोटात कालवलं, हे खरं. शेवटी दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त खेळाडूची डावी अन्शुट्झ कळली. नव्या मोटारसायकलीपेक्षा जास्त पैसे, आणि वयाने माझ्याहून थोडीच लहान.

परवान्यासाठी पोलीस पडताळणी. हवालदार घरी आले, शेजाऱ्यांना विचारून झालं, मग आईने केलेला चहा घेत त्यांनी तिलाच विचारलं, "आजी, ताईंना या वयात रायफल कशाला?"

"नेम धरायला," आई म्हणाली. ती अठ्ठ्याहत्तरची आहे आणि प्रश्नाला नेमकं उत्तर देते. त्यांनी कागद पुढे केला. मी उजव्या हाताने सही केली.

रायफल आली त्या दिवशी आईने ती पलंगावर ठेवायला लावली. मूठ कुठे आहे ते बघितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला पहिल्या वर्षी अक्षर काढताना रडू यायचं. मी रुमाल सोडणार होते. पण सासूबाई होत्या." एवढंच. उठून तिने पलंगावरची चादर बदलली, तेलाचा डाग पडला होता म्हणून.

पुढचे तीन आठवडे स्क्रूंमध्ये गेले. दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची, पट्ट्याचा हुक एक खाच पुढे की मागे. नव्याने घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही: रायफल विकत घेतली की निवड संपत नाही. गोळ्यांचंही तेच. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या गोळ्या, पण लॉट बदलला की एका नळीत छिद्रं एकावर एक पडतात आणि दुसरीत पसरतात. मी तीन लॉट मारून बघितले. स्वस्तातला मधला तिला मानवला. त्याच्या दुकानात होत्या तेवढ्या पेट्या, परवान्यात बसतील तितक्या, घेतल्या.

आता शनिवारी रेंजवरून आले की आई विचारते, किती? परवा सांगितलं, शंभरपैकी एक्याण्णव.

"नऊ कुठे गेले?"

"उजवीकडे," मी म्हटलं.