फेंडर कापायचा, पण किती?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांच्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आणि पार्किंगमध्ये दहा-पंधरा वर्षांची एसयूव्ही अशी दोन दैवतं एकत्र नांदतायत, त्यांच्यासाठी लिहितेय. मुलगी असेल तरी वाचा. आमच्या ओळखीतली एक मुलगी स्वतः गाडीचं ऑइल बदलते आणि तिच्या आईलाही हेच प्रश्न पडलेत.

आमच्याकडे २०११ची मित्सुबिशी पजेरो आहे. चिरंजीव पाच वर्षांचे होते तेव्हा ही जुनीच घेतली. त्यानंतर शारजात तीन घरं बदलली, दोन शाळा बदलल्या, दर दोन वर्षांनी त्याचा कोणी ना कोणी जिवलग मित्र कॅनडाला नाहीतर बंगळूरला गेला. गाडी तेवढी तीच राहिली. तुमच्या मुलांना 'गाव कुठलं?' विचारलं की ती गोंधळतात ना? आमचा तर एकदा पाहुण्यांसमोर 'पजेरो' म्हणाला होता. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

तर यावर्षी त्याला सतरा पूर्ण झाली. इथला नवा वाहतूक कायदा २९ मार्च २०२५ पासून लागू झाला आणि लायसन्सचं वय अठरावरून सतरावर आलं, हे तुम्हाला माहीत असेलच. मुलांना तर नक्कीच माहीत आहे, त्यांना आपल्या आधी कळतं. आणि लायसन्सच्या तयारीबरोबर मागणी आली: 'आई, पजेरोला तेहतीस इंची टायर लावूया. फक्त फेंडर थोडे कापावे लागतील.'

फेंडर म्हणजे आपण पुण्यात ज्याला मडगार्ड म्हणायचो ते, चाकावरची पत्र्याची कमान. हे 'थोडे कापावे लागतील' तो अशा सुरात म्हणाला, जसं काही नखंच कापायची आहेत.

नवऱ्याचं उत्तर एका शब्दाचं होतं: 'नाही.' मी मात्र थांबले. सप्टेंबरमध्ये हा शिकायला पुण्याला जाणार. हातात मोजके महिने. त्यात त्याला आमच्याबरोबर करावंसं वाटलेलं हे एक काम. नाही म्हणायचंच असेल तर निदान कशाला नाही म्हणतोय हे मला कळायला हवं होतं. म्हणून त्याला म्हटलं, आधी गणित दाखव.

हे गणित तुम्हीही करून बघा, सोपं आहे. टायरवर लिहिलेलं असतं, आमच्या मूळ टायरवर २६५/६५ आर १७. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे भिंत १७२ मिलिमीटर, दोन्ही बाजूंची ३४४, त्यात रिमचे ४३२ मिळवा. टायर झाला साधारण ७७६ मिलिमीटरचा. चिरंजीवांना हवा होता २८५/७० आर १७. तो होतो ८३१. फरक ५५ मिलिमीटर. पण गाडी किती उचलली जाणार? फरकाच्या निम्मी, कारण उरलेला निम्मा चाकाच्या वरच्या बाजूला जातो आणि तोच फेंडरला घासतो. म्हणजे सगळा खटाटोप २७ मिलिमीटरसाठी. कागदावर हा आकडा आला तेव्हा तो जरा गप्प झाला. मी पण गप्प राहिले. (सतरा वर्षांच्या मुलाने स्वतः काढलेल्या उत्तरावर आईने भाष्य करू नये, त्याने उत्तर बिघडतं.)

उंचीचं वेड आलं कुठून, ते इथल्या लोकांना सांगायला नको. १६ एप्रिल २०२४चा पाऊस. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पडला, ७५ वर्षांच्या नोंदींत सर्वांत जास्त. आमच्या भागात पाणी कित्येक दिवस तुंबलं होतं. ओसरायला लागल्यावर बिल्डिंगमधल्या तीन घरांचं दूध-भाजी याच गाडीने आणलं आणि चिरंजीव शेजारच्या सीटवर बसून होते. त्या आठवड्यापासून गाडी म्हणजे काय, ही त्याची कल्पनाच बदलली. पण २७ मिलिमीटरने कोणी पुरातून वाचत नाही. शिवाय भरून वाहणाऱ्या वादीत गाडी घातली तर इथे २,००० दिरहम दंड, २३ ब्लॅक पॉइंट आणि ६० दिवस गाडी जप्त. चोवीस पॉइंटला लायसन्स जातं. म्हणजे एका वादीत सगळा हिशोब संपतो. हे त्याला मी पाठ करायला लावलंय.

आता वेगाचा मुद्दा, हा फार जण विसरतात. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. ७ टक्के मोठा टायर म्हणजे काटा १२०वर असताना चाक १२८च्या हिशोबाने पळतं. मूळ काटा थोडा जास्त दाखवतो म्हणून काही अंश वळते होतात, सगळे नाहीत. दुबई-शारजात रडारला वीसची सूट असते, पण अबू धाबीने ती २०१८मध्येच काढून टाकली. आजोबा-आजींना घेऊन लुव्र बघायला निघालात तर लक्षात ठेवा.

शिवाय जड टायर फिरवायला इंजिनाला जोर जास्त लागतो, थांबवायला ब्रेकला जास्त लागतो आणि पेट्रोल जातं ते वेगळंच. नवशिक्या ड्रायव्हरच्या हाती गाडी द्यायच्या वर्षीच तिचं थांबण्याचं अंतर वाढवायचं, हे मला पटेना. नवऱ्याच्या 'नाही'मागेही हेच होतं, फक्त त्याने ते बोलून दाखवलं नव्हतं. आपल्याकडच्या बापांचं असंच असतं.

मग कायदा. इंजिन किंवा चॅसिसमध्ये परवानगीशिवाय बदल केला तर १,००० दिरहम, १२ पॉइंट आणि ३० दिवस जप्ती. काय कशात बसतं हे गॅरेजवाल्याच्या तोंडून ठरवू नका. तुमच्या अमिरातीच्या परवाना खात्यात किंवा पासिंगच्या केंद्रात टायरचा साइज आणि काय कापणार ते कागदावर लिहून न्या, आणि विचारून मगच हात लावा. मी तसंच केलं. विमा कंपनीलाही ईमेल टाकला, कारण उद्या क्लेमच्या वेळी 'हे आम्हाला सांगितलं नव्हतं' हे वाक्य ऐकायचं नव्हतं. आणि कोणी म्हणालं की भारतात नाही का सगळे थारला मोठे टायर लावून फिरतात, तर तिथेही जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येणार नाही. फिरतात ते फिरतात.

यानंतर आम्ही शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेलो. एका गॅरेजमध्ये (नाव राहू दे) आम्ही नीट बोलायच्या आतच पस्तीस इंची टायर, गाडी उचलायचं किट आणि बाहेर निघालेली रुंद रिम्स असा बेत तयार होता. 'बॉडी लिफ्ट भी कर देंगे' म्हणाले. आता ज्या गाडीत चॅसिस वेगळी आणि बॉडी वेगळी असते, तिथे मधे ठोकळे घालून बॉडी उचलता येते. १९९९नंतरच्या पजेरोत चॅसिस बॉडीतच जोडलेली असते. उचलणार काय? हे चिरंजीवांनी तिथेच विचारलं, शांतपणे, हिंदीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की पुण्यात हा तरून जाईल.

दुसऱ्या गॅरेजमधले उस्ताद पेशावरकडचे, वय साठीच्या आसपास. त्यांनी आधी मला विचारलं, 'बाजी, गाडी चलाएगा कौन?' मी मुलाकडे बोट दाखवलं. मग ते माझ्याशी बोललेच नाहीत, तासभर त्याच्याशीच बोलत होते. त्यांनी जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते, कारण या सगळ्यातलं हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं.

पुढचा फेंडर बोल्टने बसवलेला असतो. तो बिघडला तर जुन्या पार्ट्सच्या बाजारातून दुसरा आणून लावता येतो. मागच्या चाकावरचा पत्रा मात्र बॉडीला वेल्ड केलेला, आणि कडेला आतला-बाहेरचा असे दोन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ती कड ओलांडून कापलं की थर सुटतात, आत दमट हवा आणि मीठ शिरतं, आणि गंज बाहेर दिसेपर्यंत आतलं बरंच खाऊन झालेलं असतं. आपण समुद्राकाठी राहतो. ऑगस्टमध्ये काचांवरून पाणी ओघळतं, ते पत्र्यालाही लागतंच. म्हणून त्यांचा नियम: जे बोल्टवर आहे त्याचा विचार करू, जे वेल्डवर आहे त्याला हात लावायचा नाही.

यावर तिघांनी मिळून तोडगा काढला. २६५/७० आर १७. रुंदी तीच, त्यामुळे टायर बॉडीबाहेर डोकावत नाही. व्यास ८०३ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत फरक. गाडी उचलली जाते १३ मिलिमीटर. चिरंजीव हिरमुसले, हे लपवत नाही. तेहतीसचं स्वप्न साडेएकतीसवर आलं होतं. पण उस्तादांनी टायर बसवून त्याच्या हातात खडू दिला, आणि चेहरा बदलला.

खडू कशाला? टायरच्या खांद्याला सगळीकडे खडू घासायचा. मग पुढचं एक चाक लोखंडी रॅम्पवर चढवायचं, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबतं, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. जिथे लागतं तिथे पांढरा डाग उमटतो. हेच रिव्हर्समध्ये परत, कारण उलट जाताना टायर वेगळ्या जागी घासतो. सपाट पार्किंगमध्ये काही घासत नाही म्हणून खूश होऊ नका, वाळूत पहिल्या उंचवट्यावर कळतं.

आमच्याकडे डाग आले तीन जागी: बंपरचा मागचा कोपरा, कमानीच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर, आणि रिव्हर्समध्ये उजव्या फेंडरची खालची कड. बंपर आणि अस्तर धारदार पातीने कापलं. फेंडरचा पत्रा दीड सेंटिमीटर, ग्राइंडरने. खूण केली त्याच्या निम्मंच आधी कापलं, परत रॅम्पवर घेतलं, मग उरलेलं. ग्राइंडर उस्तादांच्या हातात, डोळ्यांवर चष्मा दोघांच्याही. ठिणग्या काचेवर बसू नयेत म्हणून ओली गोणी माझ्या हातात. नंतर कड कानसून गुळगुळीत केली, प्रायमर, रंग, आणि वरून रबरी पट्टी. हे कानशीचं आणि प्रायमरचं काम चिरंजीवांनी एकट्याने केलं, पावणेदोन तास, त्या उकाड्यात. घरात साधा पंखा बंद झाला तर ओरडणारा मुलगा. मागच्या चाकांवरचा पत्रा आहे तसाच आहे.

टायर घेताना दोन गोष्टी बघा. भिंतीवर चार आकड्यांची तारीख असते: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. इथे पाच वर्षांवरचा टायर चालत नाही आणि झिजलेल्या टायरला ५०० दिरहम, ४ पॉइंट आणि आठवडाभर जप्ती. दुसरं, वजनाचा आकडा. मूळ टायरवर ११२ होता, म्हणजे एका टायरला १,१२० किलो. नव्याचा त्याहून कमी नको.

पहिली फेरी अल बदायरच्या वाळूत, बरोबर अनुभवी मित्राची दुसरी गाडी. तिथे कळलं की वाळूत गाडी चालते ती टायरच्या मापापेक्षा हवेवर. ३५वरून १५ पीएसआयवर आणली की टायर पसरतो, जमिनीला लांबट टेकतो आणि रुतत नाही. मूळ टायरही असेच चालले असते, हे नवऱ्याने हळूच माझ्या कानात सांगितलं. मी म्हटलं, माहितीये, आता गप्प बस. मात्र एवढ्या कमी हवेवर झटक्यात वळवलं तर टायर रिमवरून निघू शकतो, आणि रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायलाच हवी, नाहीतर तो तापून फुटतो. आमच्याकडे नियम आहे: कॉम्प्रेसर आणि गेज गाडीत नसेल तर वाळूत जायचं नाही, आणि एकटी गाडी तर कधीच नाही. मित्रांना घेऊन जायचं असेल तर मोठा माणूस बरोबर. यावर आमची दोन भांडणं झालीत, तिसरं होईल.

स्टेपनीचं अजून उरलंय. चौघांसारखाच पाचवा टायर घेतला, पण मागच्या दारावरचं जुनं कव्हर त्याच्यावर बसत नाही. चिरंजीव म्हणतात, पुण्याला जायच्या आधी नवीन शोधून बसवतो. कोणाला शारजात असं कव्हर कुठे मिळतं ते माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा.