तै या तै

गुडघ्याचं दुखणं सरलं आणि या वयात नाच शिकावासा वाटू लागला. चेन्नईच्या मैलापुरात भरतनाट्यमचे वर्ग गल्लोगल्ली. कपालीश्वराच्या देवळाभोवती संध्याकाळी लाकडी पाटावर दांडकं वाजतं. एका दाराशी थबकले. अर्ध्या बैठकीतल्या मुली, घामेजल्या टाचा. एकीचा गुडघा आत वळला की बाई न बोलता पुन्हा पहिल्यापासून ठेका धरत.

परकं वाटेना. या नाचाची शिस्त तंजावरला दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या आदी चार भावंडांनी घडवली; राजांनी नाचासाठी मराठीत रचनाही केल्या. तरी उंबरठ्यावर पाय अडतो. वय, की लाज? कळत नाही.

वर्ग शोधताना फी नंतर विचारा. बाई नवख्या मुलीला कसं शिकवतात, ते आधी बघा.