तळाचे सहा फूट

बेळगावहून धारवाडला जाताना कित्तूर मागे पडले की मला माळमड्डीच्या घराची ओढ लागते. स्टेशनापासून चालत पाच-सात मिनिटांवर आमचे जुने कौलारू घर. २०२४ च्या एप्रिलमध्ये मात्र ओढीपेक्षा काळजीनेच गेलो. आदल्या वर्षी पाऊस तोकडा पडला होता. आईचा फोन आला, "अरे, पंप नुसता घूं घूं करतोय. पाणी चढेना."

आमची विहीर (घरात तिला बावीच म्हणतात) दोन घरांची आहे. कंपाऊंडची भिंत तिच्या तोंडावरून गेलेली. अर्धे तोंड आमच्याकडे, अर्धे शेजारच्या अक्कांकडे. आमच्या बाजूला अप्पांनी बसवलेला मोनोब्लॉक पंप, अक्कांच्या बाजूला रहाट आणि पोहरा. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून मलप्रभेचे पाणी नळाला येते, पण ते काही दिवसांआड. मधल्या दिवसांत दोन्ही घरांचा भार बावीवर.

प्लंबरने वाकून पाहिले. "बाव्याग नीर ऐत्री, पंपिगे सिगवल्दु." पाणी आहे, पण पंपाच्या हाती लागत नाही. फूट व्हॉल्व्ह बदलून, पंपाला दोनदा पाणी पाजूनही उपयोग झाला नाही. दोर सोडून मोजले, तर पाणी २७ फुटांवर गेलेले.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे तर तो नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा आपल्या दाबाने पाणी वर ढकलते. समुद्रकाठी हा दाब जास्तीत जास्त दहा मीटरपर्यंत पुरतो. धारवाड सातशे मीटरहून उंचावर, म्हणून इथे साडेनऊच्या आसपास. त्यातून नळीचे घर्षण, सांध्यांची गळती वजा केली की हाती राहतात बावीस-तेवीस फूट. कितीही हॉर्सपॉवरचा आणा, वर बसून ओढणारा पंप त्याखाली जाणार नाही. सबमर्सिबल पाण्यातच बसतो आणि खालून ढकलतो, त्यामुळे त्याला हे बंधन नाही.

पंप हा आपल्या भागाला परका नाही म्हणा! गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावातून उठून १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेले आणि पुढे तिथे पंपांचा कारखानाच उभा राहिला.

हुबळीला जाऊन नवा पंप आणला. दुकानदार बोअरवेलचा उभा पंप दाखवत होता. प्लंबरने नको म्हटले. तो अरुंद बोअरमध्ये बाजूने वाहणाऱ्या पाण्याने थंड राहतो, रुंद विहिरीत तापू शकतो. आम्ही उघड्या विहिरीचा आडवा सबमर्सिबल घेतला. सोबत एचडीपीई पाइप, नायलॉनचा दोर, आणि पाणी संपले की पंप बंद करणारे यंत्र. (पंप कधी केबलला टांगू नये, हे मी त्या दिवशी शिकलो.)

पंप खाली सोडताना अक्का भिंतीपलीकडून पाहत होत्या. त्या आईला म्हणाल्या, "वैनी, तुमचा जुना पंप थकला की आमच्या पोहऱ्याला पाणी उरायचं. हा कुठं थांबणार?"

मला उत्तर सुचेना. आजवर तळाचे पाणी राहिले ते आमच्या शहाणपणामुळे नव्हे, पंपाला पोचत नव्हते म्हणून. बावी ३६ फूट खोल, सहा फूट रुंद. एका फुटात सुमारे आठशे लिटर पाणी. नवा पंप तळाजवळ ठेवला तर अक्कांचा पोहरा गाळावर आपटेल.

आईने तिथल्या तिथे सांगितले, "तळापासून सहा फूट वर टांगा." प्लंबर म्हणाला, "उन्हाळ्यात कमी पडेल, आई." ती म्हणाली, "पडू दे." गाळापासून पंप दूर राहिला, हा वरचा फायदा. खाली जवळजवळ पाच हजार लिटर अक्कांच्या रहाटाला राहिले, आणि अडीनडीला आम्हालाही.

जुना पंप मोडीत दिला नाही. नळाचे पाणी जमिनीतल्या टाकीतून वर चढवायला तो अजून चालतो, तेवढी उंची त्याला जमते.

मे महिन्यात पाणी आणखी उतरले. दोनदा नवा पंप आपोआप बंद पडला आणि आईने अक्कांकडून दोन घागरी मागून घेतल्या. आता उन्हाळ्यात सकाळी पोहरा खाली सोडला की अक्का दोर किती गेला ते बघतात आणि गरज वाटली तर भिंतीवरून हाक देतात, "वैनी, इवत्त पंप हच्चब्याड्री!"