उपडी परात

आमच्या सिंहगड रस्त्यावर 'लॉन्स' या शब्दाचा गवताशी संबंध नंतरचा, लग्नाशी आधीचा. पत्रिकेवर अमुक लॉन्स छापलेलं असतं, आपण जातो, जेवतो, आहेर देतो आणि येतो. पायाखाली काय होतं ते कुणाला आठवत नाही. पण त्या गवताचा हिशेब आमच्या घरात असतो, कारण भाईजानचं वर्कशॉप खडकवासल्यात आहे आणि पाऊस संपला की गवत कापायची यंत्रं तिथे रांग लावतात. खांद्याला अडकवायचे ग्रासकटर जास्त, ढकलायची यंत्रं थोडी. बसून चालवायच्या गाड्या दोन-तीनच, पण दिवाळी ते तुळशीचं लग्न एवढ्या दिवसांत भाईजानची झोप खातात त्या याच.

गाडी दिसायला लहान ट्रॅक्टरसारखी असते. पोटाखाली पत्र्याचं एक रुंद कवच लटकलेलं असतं आणि त्यात दोन किंवा तीन पाती गरगर फिरतात. या कवचाला डेक म्हणतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे शब्द शोधायची खोड आहे, पण याला दोन्ही भाषांत काही सापडलं नाही. भाईजान त्याला 'उलटी परात' म्हणतात. याहून चांगलं मला सुचलेलं नाही.

एकदा त्यांना मी सांगितलं की गवत कापायचं पहिलं यंत्र १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या माणसाने केलं. लोकरीच्या कापडावरचे उभे तंतू भादरायचं यंत्र त्याने गिरणीत पाहिलं आणि तीच युक्ती गवताला लावली. भाईजान हातातला पाना ठेवून हसले. आमचे अब्बा मालेगावला मागावर होते. "मतलब ये अपनी बिरादरीकाच काम है," ते म्हणाले. आता ओळखीतल्या प्रत्येकाला सांगतात. बडिंगच्या यंत्रात पाती रुळासारखी फिरायची आणि या गाड्यांत ती आडवी, पंख्यासारखी फिरतात, हा फरक सांगायचा मी नाद सोडलाय.

परात काढावी का लागते? आपलं गवत पावसात वाढतं आणि बऱ्याचदा ओलंच कापलं जातं. ओला चोथा परातीच्या आतून लिंपल्यासारखा बसतो. पात्यांची कड थोडी वर वळवलेली असते, तिच्यामुळे खाली वारा तयार होतो, तो गवत उभं करतो आणि कापलेलं बाहेर फेकतो. चोथा साचला की वाऱ्याला जागा उरत नाही. मग गवताच्या रांगा तशाच राहतात, मालक म्हणतो पाती बोथट झाली. शिवाय त्या ओलीने पत्रा आतून गंजतो. बाहेरचा रंग नवा आणि आत बोट घातलं की आरपार, अशी परात मी स्वतः पाहिलीय.

भाईजानच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला पेर नाही. ही गोष्ट मला इथे लिहायला त्यांनीच सांगितलं. दहाएक वर्षांपूर्वी घाईचं काम होतं. परात न काढता गाडी पुढून उचलून ते खाली आडवे झाले. इंजिन बंद होतं, किल्ली खिशात होती. उजवीकडच्या पात्याचा नट पान्याने फिरवला आणि डावीकडचं पातं फिरलं, तिथे त्यांचा दुसरा हात होता. सगळी पाती एकाच पट्ट्याने बांधलेली असतात. एक हललं की दुसरंही हलतं. माणसाला वाटतं यंत्र बंद आहे.

या वर्षी भाच्याची बारावी राहिली. भाभीला तो कॉलेजातच हवा आहे, तेलात नको. त्याला वर्कशॉप हवं आहे, आणि कॉलेज नको म्हणून हवं आहे की खरंच हवं आहे, हे माझ्यासारख्या वीस वर्षं मुलं पाहिलेल्या बाईलाही सांगता येईना. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिकडे जायला लागले. गाडीबरोबरचं पुस्तक इंग्रजीत. कामावरचा एक मुलगा बिहारचा, एक लातूरचा. भाईजान म्हणाले, तू बी.एड. आहेस ना, मग लिहून दे.

मी लिहिलं. गाडी सपाट जमिनीवर, ब्रेक लावून, किल्ली काढून. इंजिन थंड होऊ द्यायचं. प्लगची वायर काढून बाजूला ठेवायची. परात सगळ्यात खाली उतरवायची. पट्ट्याचा ताण सोडून तो इंजिनाच्या पुलीवरून काढायचा. मग पिना: पुढचा दुवा, दोन्ही बाजूचे हात, मागचे दोन दुवे. काढलेली प्रत्येक पिन डब्यात, खिशात नाही. पुढची चाकं पूर्ण डावीकडे वळवायची आणि दोघांनी मिळून परात उजवीकडून ओढून घ्यायची. वजन सुटलं की उचलायची लिव्हर स्प्रिंगच्या जोराने झटका मारते, ती घट्ट धरून ठेवायची.

पुस्तकात काढायच्या पायऱ्या भरपूर होत्या आणि बसवायची एकच ओळ होती: उलट क्रमाने बसवा. हे लिहिणाऱ्याने कधी परात बसवली नसावी. पट्टा पुलीवर चढवताना पीळ पडतो. तो अडवायच्या तारेच्या आत गेला का, हे वाकून पाहावं लागतं. भोकं समोरासमोर येत नाहीत. बसवल्यावर डावी-उजवी बाजू एका उंचीची आणि पुढची कड मागच्यापेक्षा काही मिलिमीटर खाली हवी, नाहीतर एकच गवत दोनदा कापलं जातं. बसवण्याचा कागद मी वेगळा केला आणि तो काढण्याच्या कागदाहून मोठा झाला.

तुळशीच्या लग्नाआधीच्या शनिवारी एका लॉन्सवाल्याची गाडी आली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम, फक्त पाती बदलायची. व्यवस्थापक उभ्या उभ्या म्हणाला, "डेक कशाला काढता? वर उचला, खालून बदला. तासात द्या." भाचा म्हणाला, "अब्बा, नीचेसे हो जाएगा ना."

भाईजान काही बोलले नाहीत. परात काढूनच होईल, संध्याकाळी मिळेल, एवढंच त्यांनी व्यवस्थापकाला सांगितलं. तो फोनवर कुणाशी तरी बोलला, मग गाडी टेम्पोत चढवून घेऊन गेला. दोन मुलांचा आठवड्याचा पगार त्या गिऱ्हाइकाकडून निघतो, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. भाचा वडिलांवर चिडला होता. मी मधे पडले नाही. वर्गात मी फार मधे पडते, इथे तो माझा वर्ग नव्हता.

चारच्या सुमाराला तोच टेम्पो परत आला. दुसरीकडे काय झालं ते व्यवस्थापकाने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. "काढा काय काढायचं ते," एवढंच म्हणाला. भाईजान स्टुलावर बसून राहिले आणि प्लगचा पाना त्यांनी मुलाच्या हातात दिला.

अंधार पडेपर्यंत चाललं. पिना डब्यात गेल्या. लिव्हर त्याने दोन्ही हातांनी धरली. परात उलटी केली तेव्हा आत तीन बोटं जाड चोथा निघाला, तो त्याने लाकडी पट्टीने खरवडला. नवी पाती लावताना मधे लाकडाचा ठोकळा अडकवला, वळलेली कड वरच्या बाजूला आहे का ते दोनदा बघितलं. बसवताना पट्टा पहिल्या वेळी उलटा गेला. पुन्हा काढला. भाभी डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. तिचं मत बदललेलं नाही. पुरवणी परीक्षेचा फॉर्म सुटला, फेब्रुवारीचा भरायचाच, असं तिने त्याच रात्री बजावलं, आणि त्याने भरलाय.

कागद आता भिंतीवर चिकटवलाय. पात्याच्या पायरीखाली भाच्याने पेनने एक ओळ वाढवलीय, शुद्धलेखनाची चूक तशीच ठेवलीय मी: 'दुसरं पातं बी फीरतं.'