25 किलोचा ताण

मुंबई-गोवा हायवेवर पोलादपूर सोडलं की हल्ली सगळे सरळ बोगद्यात शिरतात. पाऊण तासाचा कशेडी घाट दहा-एक मिनिटांत खल्लास! 2023 च्या गणपतीत बोगद्याची एक बाजू सुरू झाली आणि घाटातली वर्दळ ओसरत गेली. मी मात्र मुद्दाम जुना रस्ता धरला. मागच्या सीटवर एक सेकंडहँड पाहुणी होती : रॅकेटचं गटिंग करायचं मशीन. प्रत्येक वळणावर तिचं लोखंडी वजन खणखणत होतं.

माझा एक मित्र पुण्यातला आयटीचा जॉब सोडून खेडला मुलांना टेनिस शिकवतो. गट तुटलं की रॅकेट पुण्याला जाते आणि त्या मुलाचे आठ दिवस बुडतात. म्हणून हा खटाटोप.

घाटात एका टपरीवर चहाला थांबले. गिऱ्हाईक मी एकटीच. टपरीवाले काका बाजेची सैल दोरी ओढत बसले होते. गाडीत डोकावून म्हणाले, ‘‘काटा हाय काय ओ ह्यो?’’

अगदी बरोबर! ड्रॉपवेट मशीनचा फंडा तराजूचाच आहे. दांडीवर वजन सरकवायचं, दांडी आडवी झाली की गटला ठरलेला ताण मिळतो. तोही थोडाथोडका नाही, 55 पौंड म्हणजे जवळपास 25 किलो.

गटिंग हा शब्द आला आतड्यावरून. फ्रान्समधल्या लिऑनच्या बाबोलानं 1875 मध्ये जनावरांच्या आतड्यापासून टेनिसचं गट बनवलं. तेव्हा ते हातानं ओढायचे आणि चप्पल शिवायच्या आरीसारखी टोकदार आरी भोकात खुपसून ते धरून ठेवायचे. मशीननं तीन कामं वाटून घेतली : फ्रेम घट्ट धरणं, गट ओढणं आणि पुढचं ओढेपर्यंत आधीचं सुटू न देणं. यातलं पहिलं काम सगळ्यात नाजूक. नुसत्या उभ्या गटच्या ताणानंच फ्रेम आखूड आणि रुंद होऊ पाहते, म्हणून चांगलं मशीन तिला सहा ठिकाणी धरतं.

‘‘आन् वडलेली दोरी सैल नाय व्हत?’’ काकांनी विचारलं.

होते ना! हँडल फिरवायच्या मशीनमध्ये ठरलेला ताण आला की ओढ तिथेच लॉक होते. मग गट लांबतं आणि ताण घटतो. ड्रॉपवेटमध्ये मात्र वजन लटकलेलंच राहतं, त्यामुळे गट लांबलं तरी ओढ कायम. इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये हेच काम मोटर करते.

काकांनी बाजेच्या लाकडाला पाय लावला, दोरी ओढली, थोडं थांबले, पुन्हा ओढली. ‘‘आमचं मशीन ह्यो पाय,’’ म्हणाले. चहाचे पैसे मात्र घेईनात. दिवसभरात बोलायला कोणी मिळालं हेच खूप, म्हणे.

खेडला पोचल्यावर पहिली रॅकेट बांधायला आम्हाला चक्क अडीच तास लागले. एका बारक्यानं गटवर तळहात आपटून आवाज ऐकला आणि न बोलता थेट कोर्टवर पळाला.

परतताना बोगदा समोर होता. मी घाटाकडे वळले. चहाचे पैसे द्यायचे राहिले होते.